दीड मिनिटाचा थांबा

४ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

पत्र फाडायच्या आधी चार ओळी वाच. भांडायला लिहीत नाहीये. मला तुला एक गोष्ट विचारायची आहे आणि ती विचारण्यासारखं तुझ्याशिवाय दुसरं कोणी उरलेलं नाही. पण आज नाही विचारणार, कारण आज विचारलं तर तू पत्र पाकिटासकट केरात टाकशील. फोन करून बघितला. दर वेळी तुझा नवरा उचलतो आणि बिचारा म्हणतो, "ती आंघोळीला गेलीये." तीन वर्षांत तू इतक्या आंघोळी केल्यास की गावाचं पाणी संपायला हवं होतं.

तर आज फक्त एका शिकाऊ बाईबद्दल सांगते.

माझ्या ड्रायव्हिंग क्लासबाहेरची पाटी तुला आठवत असेलच. "शंभरातले शहाण्णव पहिल्या फटक्यात पास." त्या पाटीवर तू किती हसायचीस! हस. पण आकडा खरा आहे. चाळीस दिवस माझ्या शेजारी बसायचं, एक्केचाळिसाव्या दिवशी परीक्षा, बेचाळिसाव्या दिवशी एकमेकांची तोंडं पुन्हा बघायची नाहीत. बावीस वर्षं हेच चाललंय.

ऑक्टोबरात एक बाई आल्या. वय अडुसष्ट. चाळीस वर्षं इस्त्रीचं दुकान चालवलं, एका टेबलाशी उभ्या राहून. गुडघे गेले तेव्हा दुकान बंद केलं आणि दुसऱ्याच दिवशी माझ्याकडे आल्या. मी त्यांना इस्त्रीमावशी म्हणते. हात असा स्थिर की विचारू नकोस. रिव्हर्स घेताना शीळ घालतात! नोव्हेंबरातच त्या परीक्षेला तयार होत्या, आणि आज त्यांचा त्र्याऐंशीवा धडा झाला. तीनदा मी त्यांची तारीख काढली. एकदा नातवाला ताप आला, एकदा चष्म्याची काडी तुटली, आणि तिसऱ्यांदा तर सरळ म्हणाल्या, "आज जीव होत नाही गं."

भित्रे शिकाऊ मी ढिगानं बघितलेत. ही बाई भित्री नाही. मग परीक्षेचं नाव काढलं की अंग का चोरते? माझं डोकं चालेना झालंय. माझी पाटी बिघडते हे आहेच, पण खरं सांगू, आता मला नुसतंच जाणून घ्यायचंय. आईची सवय लागली म्हण.

तुझी ताई


१३ फेब्रुवारी

प्रिय ठकू,

तुझं उत्तर नाही. पण पत्र परतही आलं नाही, म्हणजे घरात घेतलंस. एवढं मला पुरे.

मावशींना काल धारेवर धरलं. गाडी बाजूला घ्यायला लावली, इंजिन बंद केलं आणि म्हटलं, "मावशी, आज खरं कारण सांगायचं. परीक्षा का देत नाही?"

त्या म्हणाल्या, "लायसन आलं की पोरगा म्हणेल, आई, याला शाळेत सोड, तिला क्लासला ने, येताना दूध घेऊन ये. चाळीस वर्षं लोकांना जायचं असायचं आणि मी त्यांचे कपडे तयार करून द्यायची. आता लोकांना नेऊन सोडायचं?"

"मग तुम्हाला कुठे जायचंय?"

"कुठेच नाही! मला कुठे जायचंच नाही गं. मला गाडी चालवायचीये."

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, असं नसतं मावशी, माणूस शिकतो ते कुठेतरी पोचायला. तर त्या माझ्याकडे अशा बघायला लागल्या की जणू मीच क्लच आणि ब्रेकमध्ये गोंधळ केलाय.

आणि ठकू, त्यांचं गाडी चालवणं म्हणजे काय असतं ते ऐक. त्यांना प्रत्येक घर कपड्यांवरून माहीत आहे. "या वरच्या मजल्यावरचा माणूस गेल्या वर्षापर्यंत रोज पांढरा शर्ट द्यायचा, कॉलर आतून घासलेली. आता बघ, दोरीवर नुसते रंगीत टी-शर्ट. नोकरी सुटली की सुधारला?" गाडी वीसच्या वेगानं, मागे चार गाड्यांचे हॉर्न, आणि ही बाई मला विचारतेय सुटली की सुधारला! मी म्हटलं, मला काय ठाऊक. त्यावर म्हणाल्या, "अगं, बावीस वर्षं याच गल्लीत रिव्हर्स शिकवतेस ना तू?"

शिकवते. पण मला ती गल्ली फक्त रिव्हर्सची गल्ली म्हणूनच माहीत आहे. टाकीशेजारचा चढ म्हणजे अर्धा क्लच. दवाखान्याचा कोपरा म्हणजे आधी आरसा, मग इंडिकेटर. माझे डोळे सदानकदा शिकाऊ माणसाच्या पायांवर नाहीतर पुढच्या वीस हातांवर. बोनेटच्या वर काय आहे ते मी कधी बघितलंच नव्हतं. परवा बघितलं. त्या रिव्हर्सच्या गल्लीत एका गच्चीवर पूर्ण बोट आहे, लाकडी, वल्ह्यांसकट. इथे जवळपास पाणी कुठे? आणि ती वर नेली कशी? जिना तर हातभर रुंद.

दोन दिवस झाले, माझ्या डोक्यातून ती बोट जात नाही.

ताई


२१ फेब्रुवारी

ठकू,

मावशी म्हणतात मोठ्या रस्त्यावर जाऊ या. मी नाही म्हटलं. का, म्हणाल्या. म्हटलं, तो रस्ता मी घेत नाही. माझी शिकाऊ पोरं वेशीवरच्या पिवळ्या पट्ट्यापर्यंतच जातात आणि वळून येतात.

तीन वर्षांत मी त्या पट्ट्याच्या पुढे गेलेली नाही. हे तुला माहीत नसेल.

आता निघालंच आहे तर माझी बाजू एकदा लिहून टाकते. आईला त्या रस्त्यानं नेलं त्या दिवशी डॉक्टरांनी दोनची वेळ दिली होती. दोनशे दहा किलोमीटर. आईचे रिपोर्ट काय म्हणत होते ते तूही वाचलं होतंस. अशा वेळी माणूस काय करतो? वेळेत पोचतो. मी पोचवलं. वीस मिनिटं आधी पोचवलं. डॉक्टर साडेचारला उगवले यात माझा काय दोष? आपण तिघी त्या बाकावर पंख्याखाली बसून राहिलो तो काही माझा बेत नव्हता. तू तिथेच मला म्हणालीस, "तू पोचवलंस, ताई. नेलं नाहीस." आणि ती गेल्यावर म्हणालीस, आईला बिचारीला कळलंही नाही की ते शेवटचं बाहेर बघणं होतं. एकोणीस दिवस ती दवाखान्यातल्या त्या खाटेवर होती आणि खिडकी होती शेजारच्या बाईच्या बाजूला. तेवढं तू पुन्हा पुन्हा म्हणत राहिलीस. क्रियाकर्म उरकलं आणि तुझ्या तोंडाला कुलूप लागलं ते लागलं.

आई वाटेत थांब म्हणाली हे मला नीट ऐकूही आलं नव्हतं. खिडक्या उघड्या होत्या.

ताई


२२ फेब्रुवारी

काल थाप मारली. वाचून तू हसली असशील, कारण तू तर शेजारीच होतीस. ऐकू आलं होतं. तीनदा.

पहिला सव्वा तास तू चालवत होतीस आणि मी माझ्या नेहमीच्या जागेवर, पायाखाली माझा वेगळा ब्रेक. त्या लांबलचक भिंतीपाशी आई मागून म्हणाली, "अगं थांबा, थांबा, तो माणूस भिंतीवर काय करतोय बघू दे." तू इंडिकेटर दिलास, गाडी कडेला घेतलीस. माझं टाळकं फिरलं. म्हटलं, तुझ्याच्यानं वेळेत होणार नाही, उतर, मी घेते.

म्हणजे गाडी थांबली होती गं. त्याच भिंतीसमोर थांबली होती. तू उतरून पलीकडून गेलीस, मी अलीकडून आले, सीट मागे घेतली, आरसे लावले, दीड मिनिट तरी गेलंच असेल. आई मागचं दार उघडायला बघत होती. त्या दाराला लहान मुलांसाठीचं लॉक होतं, कारण शिकाऊ बायका पोरांना घेऊन येतात. तिच्या हातातलं हँडल कट्‌ कट्‌ वाजत होतं. ते मी काढू शकले असते. मी म्हटलं, "परत येताना थांबू, आई," आणि पहिला गिअर टाकला.


७ मार्च

प्रिय ठकू,

गेले. मावशींनी नेलं.

त्या पिवळ्या पट्ट्याशी मी वळायला सांगितलं आणि त्या वळल्याच नाहीत. माझा पाय ब्रेकवर होता. तुला सांगते, तो पाय आपोआप खाली जातो, झोपेतही जातो, तुझे भावोजी म्हणतात लाथा मारतेस. पण काल गेला नाही. मावशी चाळीसच्या वेगानं शीळ घालत सरळ निघाल्या. मी म्हटलं, "मावशी, कुठे?" त्या म्हणाल्या, "बघू की."

सव्वा तासाच्या रस्त्याला आम्हाला पावणेतीन तास लागले. तीनदा थांबलो. एकदा एक बाई शेतात शंभरेक जुने रेडिओ मांडून बसली होती म्हणून, एकदा मावशींच्या गुडघ्यासाठी, आणि एकदा एक कुत्रा रस्त्याच्या मधोमध बसून उठेना म्हणून. रेडिओचं काय ते भेटशील तर सांगेन, लिहिण्यात मजा नाही.

आणि मग ती भिंत आली. मावशींना मी आईबद्दल काही सांगितलं नव्हतं, पण माझं तोंड बघून त्यांनी आपणहून इंडिकेटर दिला.

भिंत सिमेंटचे पाइप करणाऱ्या कारखान्याची आहे. पांढरी. या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती पांढरी! वर्षापूर्वी चुना मारलाय म्हणे. मी वेड्यासारखी हात लावून बघत चालले, कुठे खालचा रंग दिसतोय का. मावशी मागून लंगडत आल्या आणि म्हणाल्या, "काय हरवलं तुझं?" तेव्हा सांगितलं. सगळं नाही, पण भिंतीपुरतं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "मग विचारू या ना!"

ठकू, आपण आईला किती चिडवायचो! कोणाच्या दारात खणताना दिसलं की हिचं सुरू, काय खणताय, किती खोल, आत काय निघालं. आपण दोघी चार पावलं पुढे जाऊन तोंड फिरवून उभ्या राहायचो, जशी ही बाई आपली कोणी लागतच नाही. काल मी आईसारखीच विचारत सुटले. समोर चहाची टपरी आहे. टपरीवाली म्हणाली, हो हो, तीन वर्षांपूर्वी ना, साबणाची जाहिरात होती, हा एवढा मोठा साबण. तिचा नवरा आतून ओरडला, साबण कुठला, हत्ती होता. पंक्चरवाला म्हणाला की हत्ती पलीकडच्या भिंतीवर होता, इथे नकाशा होता, कुठला ते माहीत नाही. शेवटी कारखान्याच्या वॉचमनला गाठलं. तो छाती पुढे काढून म्हणाला, "अकरा वर्षं इथे आहे. या भिंतीवर कधी कोणी काही काढलेलं नाही." त्यावरून त्या चौघांचं जे काही जुंपलं! टपरीवाल्यानं तर जमिनीवर काडीनं हत्ती काढून दाखवला, आणि तो साबणासारखाच दिसत होता. मावशी खुर्चीवर बसून हसून हसून डोळे पुसत होत्या. मीही हसले. दोन चहा प्यायले. निघायची घाई एकदाही झाली नाही, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आलं.

तर मला जे विचारायचं होतं ते हे. आपण जागा बदलल्यावर भिंत तुझ्या बाजूला होती. तो माणूस काय करत होता? आई काय बघत होती? मी आरसे लावत होते गं. मी काहीच बघितलं नाही.

आता दुसरं. हे लिहायचं की नाही म्हणून सकाळपासून तीन कागद चुरगळले. पण आता तू मला फाडून खा, मी लिहिते.

तू म्हणतेस आईला कळलं नाही. आईला कळलं होतं.

भिंतीच्या पुढे चाळीसेक मिनिटांवर आपण पेट्रोल भरलं. तू पाणी आणायला उतरलीस. आई मागून पुढे वाकली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "मला ठाऊक आहे, मी काही या रस्त्यानं परत यायची नाही. म्हणून म्हणते बाळा, जरा हळू ने."

मी म्हटलं, "काहीतरीच काय बोलतेस, आई?" तेवढ्यात तू आलीस आणि मी गाडी काढली. ऐंशीची शंभर केली. मला वाटलं, दोनला डॉक्टर भेटले की ही खोटी पडेल. तिला खोटं पाडायला मी पळत होते, ठकू. तिनं आयुष्यात माझ्याकडे मागितलेली शेवटची गोष्ट मी ऐकली, मला समजली, आणि मी ॲक्सिलरेटर दाबला.

तू मला जे बोललीस ते कमीच होतं. तुला पूर्ण गोष्ट माहीतच नव्हती. आता झाली.

ताई


२६ मार्च

ठकू, ठकू, अगं ठकू,

तुझं पाकीट आलं तेव्हा मी धड्यावर होते. माझ्या शेजारी एक बँकेतली मुलगी, तिचा चौथा दिवस. मी तिला गाडी बाजूला घ्यायला सांगितली, पत्र वाचलं आणि हमसून हमसून रडायला लागले. ती पांढरीफटक पडली. म्हणाली, "मॅडम, माझं काही चुकलं का?" म्हटलं, तुझं काही नाही बाई, तुझा क्लच उत्तम आहे.

म्हणजे तुलाही सांगितलं होतं! आदल्या दिवशी, वेणी घालताना! आणि वर शपथ घातली की ताईला कळू देऊ नकोस, ती घाबरेल. म्हणून तू मला शेवटपर्यंत "आईला कळलं नाही" असंच म्हणत राहिलीस. आणि मला पंपावर सांगितलं ते तू पाणी आणायला गेल्यावर. म्हणजे दोघींना वेगवेगळं गाठून सांगितलं, आणि आपण दोघी एकमेकींपासून लपवत एकाच गाडीत बसलो होतो. आता मला कळतंय तू सारखी का म्हणत होतीस, इथे थांबू, तिथे चहा घेऊ, ताई मला मळमळतंय. मला वाटलं तू लाडात येतेयस. अगं, एका शब्दानं बोलायचं होतंस! शपथ मोडायची होतीस! मी रागावलेय, बरं का. खूप रागावलेय. तुला माहीत होतं तर मला मुस्कटात मारून गाडी थांबवायची होतीस.

आणि तू लिहितेस, "मारायला हवी होती, म्हणून तर तुझ्याशी बोलता येईना. तुझा आवाज ऐकला की मला माझंच गप्प बसणं ऐकू यायचं." हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. तीन वर्षं मी समजत होते तू माझ्यावर रुसलीस.

आणि भिंत. तू भिंतीकडे बघितलंच नाहीस! आता हे जगात कोणालाच कळायचं नाही. साबण, हत्ती की नकाशा, गेलं ते. पण तू आरशात आईकडे बघत होतीस असं लिहिलंस. म्हणालीस, मी सीट मागे घेत होते तो सगळा वेळ तिचं नाक काचेला चिकटलं होतं, तोंड उघडं, आणि मग ती एकटीच खुदकन हसली.

म्हणजे तिला दिसलं होतं. दार उघडलं नाही, मी निघून गेले, पण जे काही होतं ते तिला दिसलं, आणि ते हसण्यासारखं होतं. ठकू, हे मला तीन वर्षं माहीत नव्हतं. ती नुसती माझ्या पाठीकडे बघत बसली असेल असं मी धरून चालले होते. तू हे लिहिलंस म्हणून मी आज जेवले.

आता ऐक. मावशींच्या परीक्षेची चौथ्यांदा काढलेली तारीख मी आजच रद्द केली, पाटीवरचा आकडा गेला खड्ड्यात. रविवारी सकाळी आठला आम्ही निघतोय, त्या चालवणार, मी शेजारी. मी तुझ्या घरी येते असं म्हणत नाही. उंबऱ्यावर येऊन उभी राहिले तर तू चहा करायला आत पळशील आणि मी घड्याळ बघत बसेन, आपल्या दोघींना मी ओळखून आहे. तू तिकडून निघ. तुझा नवरा आंघोळीला गेला असेल तर जाऊ दे, एकटी ये. तुझ्या गावाहून माझ्या गावाला रस्ता एकच आहे, त्या भिंतीवरूनच जाणारा, आणि टपावर पाटी असलेली पिवळी गाडी काही चुकायची नाही. जिथे दिसू तिथे थांबायचं, मग ते पंक्चरचं दुकान असो नाहीतर उघडं माळरान.

किती वाजता, कुठे, हे विचारू नकोस, मला सांगता येणार नाही. मावशी रेडिओवाल्या बाईकडे थांबायचं म्हणतायत, तो कुत्राही असेलच, आणि वाटेत आणखी काय निघेल याचा नेम नाही. आम्ही चाळीसच्या वर जात नाही, तेव्हा जास्त रस्ता तुलाच कापावा लागेल.

तुझी ताई